सगळ्या घराला चालेल असं काय? रहिमतपूरहून एक उत्तर



आजचा प्रश्न मोठ्या इतिहासाचा वाटणार नाही. रविवारी दुपारी जेवणं उरकतात, सगळे जण बाहेरच्या खोलीत येऊन बसतात आणि कोणीतरी विचारतं, 'आता काय लावायचं?' मग पंधरा मिनिटं नुसती निवडानिवड चालते. आजोबांना जुना पिक्चर हवा असतो, धाकट्याला कार्टून. आई म्हणते, काहीही लावा, पण सगळ्यांसमोर बघता येईल असं लावा. शेवटी आपण काय करतो? हळूच आपापला फोन उघडतो. आमच्या घरात माणसं पाच आणि फोन चार. ज्यांच्याकडे फोन नाही त्या आजी, आणि त्या टीव्हीसमोर एकट्याच उरतात.

'सगळ्यांसमोर बघता येईल असं' म्हणजे नेमकं काय, हा आजचा विषय. आपण त्याचा अर्थ सहसा उलट्या बाजूने लावतो. शिव्या नकोत, नको ती दृश्यं नकोत, मारामारी फार नको. सगळं वगळून जे उरेल ते कौटुंबिक. पण अशा वगळून उरलेल्या गोष्टी बघताना अर्धं घर पेंगतं, हाही आपला अनुभव आहे.

मी रहिमतपूरची. सातारा जिल्हा, तालुका कोरेगाव, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं गाव. या गावात जन्मलेल्या एका लेखकाने या प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं, असं मला वाटतं. त्याने तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण त्याच्या नाटकांत ते दिसतं. त्या लेखकाकडे येण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण 'सगळं घर' हा शब्दच आपल्या भागात फार जुना नाही.

घर म्हणजे कोण कोण?

मराठी नाटकाची सुरुवात आपल्या शेजारी, सांगलीत झाली. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या राजेसाहेबांपुढे 'सीतास्वयंवर' सादर केलं. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो त्याचमुळे. त्या रंगमंचावर सीता पुरुषच होता, कारण बाईने नाटकात उभं राहणं तेव्हा कल्पनेबाहेरचं होतं.

याच मातीत तमाशाही बहरला. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. काळू-बाळू ही जुळ्या भावांची गाजलेली जोडी सांगलीजवळच्या कवलापूरची. जत्रा आली की फड यायचा, रात्रभर ढोलकी वाजायची आणि गाव जागं राहायचं. आता जरा विचारा, गाव म्हणजे कोण? तंबूत बसणारे पुरुष. 'चांगल्या घरच्या' म्हणवल्या जाणाऱ्या बायकांनी तिकडे फिरकायचं नाही, हा अलिखित कायदा होता.

माझी आजी सांगते, आम्ही पोरीबाळी माळवदावर अंथरुणं टाकायचो आणि तिथून फडाचा आवाज ऐकायचो. अर्धे विनोद वाऱ्याने उडून जायचे. उरलेल्या अर्ध्यांवर तोंडावर पदर धरून हसायचो. सकाळी आजोबा घरी आले की त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण आपण ऐकलं हेच कबूल करता येत नव्हतं. म्हणजे दोघांनी एकाच रात्री एकच वग ऐकला आणि आयुष्यभर त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त काय लागतं, तर ते न बोलणं. करमणूक दोघांपर्यंत पोहोचली होती, पण ती दोघांची मिळून झाली नाही.

स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. 'लोकनाट्य' हा शब्द याच काळात रुजत गेला. हेतू काय, तर तमाशा सभ्य व्हावा, घरच्यांनाही बघता यावा. पण फडावर जगणारी माणसंही कुटुंबवालीच होती. कितीतरी फडांत आई नाचत होती, लेक गात होती, भाऊ ढोलकीवर होता. 'कौटुंबिक' हा शिक्का कोणावर मारायचा हे ठरवताना त्यांचं घर कोणी मोजलं नाही. आज आपण एखादी गोष्ट 'घरात चालणारी नाही' म्हणून बाजूला सारतो, तेव्हा नक्की कशामुळे सारतो? तीत क्रौर्य आहे म्हणून, की त्या गोष्टीतली माणसं आपल्यासारखी नाहीत म्हणून? हे स्वतःला विचारायला हवं.

तीन मासिकं, एक रेल्वे

आता गाडीत बसू. रहिमतपूरहून मिरजेच्या दिशेने निघालं की कराड, ताकारी आणि मग किर्लोस्करवाडी येते. नांगराच्या कारखान्याचं हे गाव, पण वाचणाऱ्यांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक होतं. १९२० मध्ये इथून 'किर्लोस्कर खबर' नावाचं कारखान्याचं पत्रक निघालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि. त्या पत्रकाचं पुढे 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'.

बघा, ही आजच्यासारखीच विभागणी झाली. बाईचं वेगळं, तरुणांचं वेगळं, घरातल्या कर्त्या माणसाचं वेगळं. आज आपल्या फोनवर जे घडतं, तुला हे आवडेल आणि आईला ते, त्याची ही छापील आवृत्ती म्हणा ना.

फरक एवढाच की 'स्त्री'च्या अंकाला कुलूप नव्हतं. अंक घरात आला की तो फळीवर पडलेला असायचा. नवऱ्याने 'स्त्री' उघडलं किंवा सासूने 'मनोहर' चाळलं, तर अडवणारं कोण होतं? या मासिकांत बायकांचं शिक्षण, लग्नाचं वय, विधवांचे प्रश्न यांवर उघड लिहिलं जाई. एकाने वाचलेलं दुसऱ्याच्या नजरेस पडायची शक्यता कायम होती. फोनने ती शक्यताच काढून घेतली. आपली बहीण या आठवड्यात काय ऐकत होती, हे आपल्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

शेजारच्या माडगूळकरांचं गीतरामायण

तुम्ही आत्ता जे करताय, म्हणजे घरबसल्या एखादा आवाज ऐकताय, त्याचा आपल्या भाषेतला सगळ्यात मोठा प्रसंग १९५५ सालचा. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं होतं. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी गीतरामायणाचं पहिलं गाणं प्रसारित झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि ही कल्पना पुढे नेणारे आकाशवाणीचे सीताकांत लाड. दर आठवड्याला एक नवं गाणं. बेत वर्षभराचा होता, मध्ये अधिक महिना आला आणि गाणी छप्पन्न झाली.

आजच्या भाषेत सांगायचं तर छप्पन्न भागांची मालिका, आठवड्याला एक भाग, पुढचा भाग आधी ऐकायची सोय नाही. रेडिओ तेव्हा घरोघरी नव्हता. ज्याच्याकडे होता त्याच्या ओटीवर शेजारपाजार जमायचा. काही घरांत रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत.

भक्तीमुळे गीतरामायण घराघरांत गेलं हे खरंच. पण दुसरं एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गदिमांनी ही गोष्ट एकाच निवेदकाला सांगू दिली नाही. गाणी पात्रांच्या तोंडी आहेत. कौसल्या गाते, दशरथ गातो, सीता गाते. आईवर संतापलेला भरत गातो. नाव वल्हवणारे गातात, शबरी गाते. एवढंच काय, शूर्पणखाही गाते. ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याला मुलाच्या विरहात जीव सोडणारा बाप ऐकू आला. शेजारी बसलेल्या सुनेला सासर सोडून वनात निघालेली सीता ऐकू आली. तिथल्या पोराला धनुष्य उचलणारा राजपुत्र मिळाला. गोष्ट एकच, पण प्रत्येकाचा माणूस वेगळा.

गदिमा सांगली जिल्ह्यातले, आटपाडीकडच्या माडगूळचे. माणदेशातल्या दुष्काळी गावात एकाच ओसरीवर बसून कीर्तन ऐकणाऱ्या माणसांना ते ओळखून होते.

रहिमतपूरचा नाटककार

आता ज्यांच्यासाठी हा भाग केला त्यांच्याकडे येऊ. वसंत कानेटकर. जन्म रहिमतपूरचा, १९२० च्या दशकातला. वडील शंकर केशव कानेटकर, म्हणजेच रविकिरण मंडळातले कवी गिरीश. या मंडळातल्या कवींनी एक नवा पायंडा पाडला. कविता छापून थांबायचं नाही, सभेत लोकांसमोर गाऊन म्हणायची. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या घोळक्यासाठी लिहिणं वसंतरावांना घरातच बघायला मिळालं.

पुढे ते नाशिकला प्राध्यापक झाले आणि चाळीसहून अधिक नाटकं लिहिली. १९८८ च्या ठाण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

१९६२ मध्ये त्यांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगमंचावर आलं. निर्मिती दि गोवा हिंदू असोसिएशनची, संभाजीच्या भूमिकेत डॉ. काशिनाथ घाणेकर. शिवाजी महाराजांवर नाटक म्हटलं की तोवर लोकांच्या डोळ्यांसमोर काय यायचं? तलवारी, मोहिमा, जोरदार भाषणं. कानेटकरांनी महाराजांच्या अखेरच्या वर्षांतलं घर दाखवलं. कर्तबगार बाप, दुखावलेला तरुण मुलगा, आपल्या पोटच्या मुलाचं काय होणार या काळजीतली सावत्र आई, आणि या सगळ्यात तेल ओतणारे कारभारी.

सातारा-सांगलीकडचं कुठलंही घर घ्या. जमिनीची वाटणी, बापाचा राग, थोरल्याचं ऐकायचं की धाकट्याचं. ही भांडणं आपल्याला परकी आहेत का? प्रेक्षकांत बसलेल्या बापाला वाटलं असेल, मुलगा माझं ऐकत नाही ते असं. शेजारच्या मुलाला वाटलं असेल, बघा, यांनाही वडील समजून घेत नव्हते. दोघं एकाच रांगेत बसून एकाच नाटकात दोन वेगळ्या माणसांच्या बाजूने होते.

माझ्या मते कानेटकरांचं उत्तर हे आहे. सगळ्या घराला चालेल अशी कलाकृती म्हणजे जिच्यात घरातल्या प्रत्येक वयाला आपली बाजू मांडणारं कोणीतरी भेटतं आणि नाटक कोणा एकालाच शंभर टक्के बरोबर ठरवत नाही.

त्यांची बाकीची नाटकं याच नजरेने बघा. 'प्रेमा तुझा रंग कसा?' मध्ये एका प्राध्यापकाच्या घरातले प्रेमविवाह आहेत. आईवडिलांची पिढी आणि मुलांची पिढी, दोघांवरही हसायला मिळतं. 'लेकुरे उदंड जाहली' हे नाव सज्जनगडच्या समर्थांच्या दासबोधातून उचललेलं, आणि विषय मात्र मूल नसलेल्या जोडप्याचा. मूल न होणं हा विषय तेव्हाच्या घरांत कुजबुजीचा, टोमण्यांचा. कानेटकरांनी तो गाणी आणि विनोदासह उजेडात आणला. ज्या सुनेला रोज टोमणे ऐकावे लागत होते ती आणि टोमणे मारणारी सासू एकाच प्रयोगाला बसू शकल्या. 'अश्रूंची झाली फुले' मध्ये तत्त्वनिष्ठ शिक्षक आहे आणि वाया गेलेला विद्यार्थीही. त्याच गोष्टीवर १९६९ मध्ये 'आँसू बन गये फूल' हा हिंदी चित्रपट निघाला आणि उत्कृष्ट कथेचं फिल्मफेअर कानेटकरांना मिळालं.

आणि 'हिमालयाची सावली', १९७२. महर्षी कर्व्यांच्या आयुष्यावरून सुचलेलं नाटक. समाजासाठी आयुष्य देणारा मोठा माणूस आणि त्याच्या मोठेपणाची किंमत घरात मोजणारी बायको. त्या मोठ्या माणसाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते, आणि त्यांचा जन्म साताऱ्याचा. डॉक्टरकी सोडून लागू पूर्णवेळ नट झाले तेही कानेटकरांच्याच 'इथे ओशाळला मृत्यू' पासून. 'हिमालयाची सावली' बघून बाहेर पडणाऱ्या किती आयांनी नवऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं असेल, सांगा बरं!

दोन वेताळ

पुस्तकं आणि चित्रकथांकडेही वळू. १९५२ मध्ये 'चांदमामा'ची मराठी आवृत्ती 'चांदोबा' सुरू झाली. त्यातला विक्रम-वेताळ कोण विसरेल? वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी राजाला एक अवघड प्रश्न टाकतो. यात खरा अपराधी कोण? यातला सगळ्यात मोठा त्याग कोणाचा? उत्तर पुढच्या परिच्छेदात असायचं. पण वाचून दाखवणारे आजोबा तिथेच थांबले, तर नातवंडांची जुंपायची. गोष्ट मुलांची आणि प्रश्न मोठ्यांनाही पुरून उरणारा.

दुसरा वेताळ इंद्रजाल कॉमिक्सचा. १९६४ मध्ये टाइम्स समूहाने ही चित्रकथामाला काढली आणि त्यातला मुखवटाधारी फँटम मराठीत वेताळ झाला. अनंत पैंच्या अमर चित्र कथा १९६७ पासूनच्या, बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासूनचं. इंद्रजालचा वेताळ पोरांनी दप्तरात लपवून वाचला, चांदोबातला वेताळ ओसरीवर मोठ्याने वाचला गेला. मला दोघंही प्रिय आहेत. एकट्याने वाचायची मजा वेगळीच असते आणि ती कोणी हिरावून घेऊ नये. फक्त सगळ्या घरासाठी निवडताना चांदोबातला वेताळ जास्त उपयोगी, कारण तो प्रश्न विचारतो.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणजे पुस्तकाची बांधणीच ऐकण्याची आहे. रोज एक रात्र, मोठ्याने. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं.

आणि मग पिंजरा

कोणी म्हणेल, ही सगळी साजूक उदाहरणं झाली. ठीक आहे, 'पिंजरा' घ्या. १९७२, दिग्दर्शक व्ही. शांताराम. गावातून तमाशा हाकलायला निघालेला आदर्श मास्तर त्याच तमाशातल्या बाईच्या मोहात पडतो आणि त्याचं सगळं आयुष्य ढासळतं. संध्या, श्रीराम लागू, निळू फुले. लावण्या आहेत, मोह आहे, दारू आहे. वगळून उरवायच्या नियमाने हा सिनेमा घरात लागायलाच नको. तरी तो घरच्या घरं बघत आली. ज्या बायकांना माळवदावरून ढोलकी ऐकावी लागली, त्या थिएटरात नवऱ्याशेजारी बसून लावणी बघू लागल्या. आमच्या आजीने तो साताऱ्याला बघितला आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा फडाविषयी तिच्याशी बोलले.

'पिंजरा' सगळ्या वयांना सारखाच चालेल असं मी म्हणत नाही. सात वर्षांच्या पोराला तो कळणार नाही, कदाचित घाबरवेल. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीने आईबरोबर बघावा, मास्तर चुकला की गाव चुकलं यावर बोलावं, यात मला काही वावगं दिसत नाही.

मग रविवारी काय लावायचं?

या इतिहासातून मी माझ्यापुरते तीन प्रश्न काढलेत. यादी देत नाही, कारण तुमचं घर तुम्हाला माहीत.

पहिला प्रश्न: यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाचं कोणी आहे का? दोघांपैकी एकाचं जरी कोणी नसेल तर तो जण अर्ध्या तासात उठणार.

दुसरा: संपल्यावर वाद घालता येईल असं काही उरतं का? जेवताना कोणीतरी 'पण तिचं काय चुकलं?' असं विचारलं, तर समजा निवड जमली.

तिसरा: आपण काही टाळतोय, ते का? माणसाला हीन लेखणारा विनोद, मजा म्हणून दाखवलेला अत्याचार, अशा गोष्टी खुशाल टाळा, त्या एकट्यानेही बघू नका. पण केवळ 'यावर बोलावं लागेल' या भीतीने टाळत असाल, तर 'लेकुरे उदंड जाहली' ची सासू-सून आठवा.

अजून एक गोष्ट, निवडणाऱ्याची. इतकी वर्षं निवड घरातल्या कर्त्या पुरुषाने केली. आता ती फोनवाला करतो, म्हणजे तुम्ही. रिमोट तुमच्या हातात आहे, शोधायचं कसं हे तुम्हालाच येतं. 'किशोर'चे जुने अंक मोबाईलवर मोफत वाचता येतात. गीतरामायणाची गाणी एका शोधात सापडतात. काही जुन्या नाटकांची चित्रीकरणंही मिळतात. हे सगळं आजीला शोधता येत नाही. तिला काय बघायचंय हे मात्र तिला चांगलं सांगता येतं, फक्त कोणी विचारत नाही.

म्हणून या आठवड्याचं काम सोपं आहे. येत्या रविवारी पहिली निवड घरातल्या अशा माणसाला करू द्या ज्याच्याकडे फोन नाही. तो जे सांगेल ते शोधा, स्पीकरवर लावा आणि शेवटपर्यंत बसा. मग काय वाद झाला ते आम्हाला आवाजी संदेशाने पाठवा. त्यातले निवडक पुढच्या भागात ऐकवू.

पुढच्या भागात जत्रेतल्या तंबू थिएटरची गोष्ट आहे, ट्रकवर लादलेली प्रोजेक्टरं आणि मधोमध पडदा टाकून केलेली बायका-पुरुषांची बैठक यांच्यासह. तोवर राम राम मंडळी!